वाजू द्या

मला गाण्यातलं काही कळत नाही,
हे आधीच सांगून टाकते.
मारिबोरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी बसत असे,
शेवटचा बोर्ड भिंतीवरून उतरवेपर्यंत.
कानाला हेडफोन, पण ऐकायचं नाही हा नियम.
कुणाची तार कुणात खोचायची, तेवढंच माझं.
ल्युब्लियानाचा डॉक्टर, प्तुयची सुईण,
ग्राझला पळालेला नवरा आणि त्याची इथली बायको:
जोडून द्यायचं
आणि हात मागे घ्यायचा.

आता सायकल दुरुस्तीच्या दुकानाखाली,
द्रावा नदी चढली की ज्याच्या पायऱ्यांना ओल येते
त्या तळघरात
विटांवर ठेवलेलं एक यंत्र सांभाळते.
बँकेनं भंगारात काढलेलं. पंखा दमेकऱ्यासारखा.
विजेचं बिल अकरा जणांत;
बारावा ओझबेय, तो पैशांऐवजी भोपळ्याच्या बियांचं तेल आणतो.

या यंत्रात तादेयचा कोड राहतो.
कुणाचाच नाही म्हणून सगळ्यांचा, असं तो म्हणायचा.
मग त्याला ग्राझला नोकरी लागली
आणि किल्ल्या माझ्या एप्रनच्या खिशात आल्या.

जायच्या आदल्या दिवशी विचारलं मी त्याला,
हा तुझा प्रोग्राम वाजवतो तरी काय?
काहीच नाही, म्हणाला.
ड्रम एका प्रोग्राममध्ये, बास दुसऱ्यात,
घुमारा देणारा तिसरा, मुद्रण करणारा चौथा;
एक फिनलंडमध्ये लिहिलेला, एक ब्राझीलमध्ये,
लिहिणाऱ्यांनी एकमेकांची तोंडंही पाहिलेली नाहीत.
हा फक्त लक्षात ठेवतो
रात्री निजताना कोण कोण जागं होतं,
कुणाची तार कुणात होती.
सकाळी सेशनचं नाव दाबलं की सगळे उठतात,
तारा आपसूक जागच्या जागी बसतात.

आणि सूर?
सुरांशी त्याचा संबंध नाही.

म्हटलं, दे इकडे. हे काम मला येतं.

भांडण झालं ते दहा सेकंदांवरून.
दहा सेकंदांत जो प्रोग्राम हजेरी देणार नाही
त्याचं नाव खोडायचं आणि पुढे जायचं,
अशी दुरुस्ती रेसिफेहून झुलेइकानं पाठवली.
सुबक आहे, म्हणाले सगळे.
उर्श्का म्हणाली, घ्या; मंचावर उभं राहून
लोकांच्या तोंडाकडे किती वेळ बघायचं?
तिचंही खोटं नव्हतं.

पण ओझबेयचा लॅपटॉप अठरा सेकंद घेतो.
थंडीत तेवीस.
त्याचं अकॉर्डियन दर वेळी यादीतून गळायचं,
आणि मग सेशन जतन केलं की
गळलेलंच जतन व्हायचं.
तो काही बोलला नाही. तेलाची बाटली मात्र
त्या महिन्यात आली नाही.

मला कोड लिहिता येत नाही.
मी साधं पत्र लिहावं तसं लिहिलं:
बाई, अठ्ठ्याहत्तरच्या जानेवारीत
एका नंबरावर मी चाळीस वेळा घंटी दिली होती.
शेजारची म्हणाली, सोड, घरी नसतील.
माणूस जिना चढत असतो,
हातात कोळशाची बादली असते.
वाजू द्या.

तीन आठवडे काही नाही.
मग नवी दुरुस्ती आली.
आता नाव खोडलं जात नाही, राखाडी होतं,
त्याच्या तारा हवेत तशाच धरून ठेवल्या जातात,
बाकीचे वाजवायला मोकळे.
उर्श्काही गप्प झाली.
त्या ओळीच्या डोक्यावर झुलेइकानं
आपल्या भाषेत दोनच शब्द लिहिलेत;
तादेयला फोन करून अर्थ विचारला तर हसत सुटला:
कोळशाची बादली.

काल तालमीला सगळे जमले.
ड्रम उठला, बास उठला, घुमारा उठला.
ओझबेय राखाडी.
अठरा. एकोणीस. कुणीतरी खोकलं.
बाविसाव्याला ते नाव हिरवं झालं
आणि अधांतरी तार
टक्कन जाऊन बसली.

कसं वाजलं ते उर्श्काला विचारा.
मी विजेचा मीटर लिहून घेत होते.